एका मोटार-बोटीचें पुनरुज्जीवन

महायुद्ध संपलें म्हणजे शिपाई घरोघर परततात, सेनापति आत्मचरित्रें लिहावयास बसतात, आणि ज्या साधनांच्या बळावर युद्ध जिंकलें तीं साधनें कोणत्या तरी बंदराच्या कडेला लिलांवाची वाट पाहात पडून राहतात. रणगाडा गंजत पडला तरी पन्नास वर्षांनीं तो रणगाडा म्हणून ओळखूं येतो. लांकडी बोटीचें तसें नाहीं. तिच्याकडे कांहीं पावसाळे कोणी लक्ष दिलें नाहीं, तर पुढें लक्ष देण्यासारखें फारसें उरतच नाहीं. म्हणूनच १९४३ सालीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं बांधलेली एक लांकडी लढाऊ मोटार-बोट २०१७ सालीं त्याच शहरालगतच्या सरोवरांत स्वतःच्या इंजिनांच्या जोरावर पुनः धांवूं लागली, ही वार्ता ऐकून सोडून देण्यासारखी नाहीं. ही बोट इतकीं वर्षें वांचली कशी, आणि वांचलेल्या सांगाड्यांतून मूळची बोट उभी करतांना काय राखावें नि काय टाकावें याचा निवाडा कसा झाला, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

या बोटीला नांव नव्हतें. नुसता क्रमांक होता. पी. टी. ३०५. ‘पी. टी.’ हीं ‘पॅट्रोल टॉर्पेडो’ या दोन शब्दांचीं आद्याक्षरें. गस्त घालणारी, पाणतीर सोडणारी बोट असा त्याचा अर्थ. याच जातीच्या १०९ क्रमांकाच्या बोटीवर जॉन केनेडी हा तरुण अधिकारी होता; १९४३ च्या ऑगस्टमध्यें एका जपानी विनाशिकेनें ती बोट मधोमध कापली, आणि तोच अधिकारी पुढें अमेरिकेचा अध्यक्ष झाला, तेव्हां या बोटींचें नांव जगभर झालें. पी. टी. ३०५ च्या वांट्याला असें कोणतेंही भाग्य आलें नाहीं. ती शेंकडों बोटींतली एक होती, आणि तिची कथा सांगण्यासारखी वाटते ती कांहीं अंशीं याच कारणासाठीं.

ती बांधली अँड्र्यू हिगिन्स या गृहस्थाच्या कारखान्यानें. हिगिन्स हा मूळचा लांकडाचा व्यापारी. लुइझियाना प्रांताच्या दलदलींत, जेथें पाण्याखालीं चिखल आणि चिखलांत बुडालेलीं झाडांचीं खोडें, तेथें शिकारी व तेलाचे शोधक यांना चालवितां येतील अशा उथळ बोटी तो करीत असे. युद्ध आलें आणि किनाऱ्यावर सैन्य उतरविण्यासाठीं नेमक्या अशाच बोटी हव्यात असें आढळून आलें. थोड्याच वर्षांत लहानशा कारखान्याचे अनेक कारखाने झाले, २०,००० च्या वर माणसें तेथें राबूं लागलीं आणि युद्धकाळांत २०,००० हून अधिक बोटी तेथून बाहेर पडल्या. त्यांपैकीं बहुतेक सैन्य उतरविण्याच्या होत्या. पाणतिरांच्या बोटी त्या मानानें थोड्या, सुमारें २०० होत्या.

अशा बोटीची बांधणी कशी असे हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या अडचणींचें मूळ त्या बांधणींत आहे. लांबी ७८ फूट, रुंदी सुमारें २० फूट. वेग ताशीं ४० सागरी मैलांच्या आसपास. एवढ्या वेगानें धांवावयाचें तर बोट हलकी हवी, म्हणून ती लोखंडाची न करतां लांकडाची केलेली. बाहेरचें कवच मॅहॉगनी लांकडाच्या फळ्यांच्या दोन थरांचें. एका थरांतील फळ्या एका बाजूला तिरप्या, दुसऱ्यांतील विरुद्ध बाजूला तिरप्या, आणि दोहोंच्या मध्यें सरसासारख्या चिकट द्रव्यांत भिजविलेलें कापड. ओल्या कापडावर कापड दाबून बसवावें तसे हे थर एकजीव होत आणि वजनाच्या मानानें विलक्षण बळकट कवच तयार होई. पोटांत तीन इंजिनें, वर चार पाणतीर, यांत्रिक बंदुका, लहान तोफा, आणि दहा-पंधरा माणसांचा तांडा. चिलखत जवळजवळ नाहींच. संरक्षण म्हणजे अंधार आणि वेग.

परंतु ही बळकटी अल्पायुषी होती. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं सागवानांत बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें लढाऊ जहाज १८१७ सालीं पाण्यांत उतरलें. तें आजही इंग्लंडांतील हार्टलपूल येथें तरंगत आहे. त्याचीही मोठी दुरुस्ती १९९० पासून २००१ पर्यंत चालली होती, हें खरें. पण बांधणारांनीं पिढ्यांचा हिशेब केला होता हें त्याच्या लांकडाकडे पाहून कळतें. हिगिन्सच्या कारागिरांपुढें तसा हिशेब नव्हता. बोट युद्ध संपेपर्यंत टिकली म्हणजे पुरे, आणि त्यापूर्वींच बुडाली तर दुसरी तयार असली म्हणजे झालें. जी वस्तु टिकावी म्हणून केलेलीच नाहीं, ती ७० वर्षांनंतर टिकविणें हें काम वेगळ्याच जातीचें असतें.

१९४४ सालीं ३०५ भूमध्य समुद्रांत गेली आणि बाविसाव्या ताफ्यांत दाखल झाली. त्या वेळीं इटलीच्या व दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यानें जर्मनांची रसद लहान लहान जहाजांतून जात असे. दिवसा दोस्तांच्या विमानांची भीति, म्हणून तीं जहाजें रात्रीं निघत. आणि रात्रीं त्यांची वाट पाहात या बोटी इंजिनें मंद करून दबा धरून बसत. एल्बा बेटावरील स्वारींत आणि १९४४ च्या ऑगस्टमधील दक्षिण फ्रान्सच्या स्वारींत ही बोट होती. ७७ हून अधिक गस्ती व मोहिमा तिच्या नांवावर आहेत, आणि शत्रूचीं तीन जहाजें तिनें बुडविलीं. खलाशांनीं तिला ‘सडन जर्क’, म्हणजे अचानक बसणारा हिसका, असें लाडकें नांव ठेविलें होतें. सरकारी दप्तरांत या नांवाला जागा नव्हती. पण क्रमांकावर प्रेम करणें माणसाला जमत नाहीं.

१९४५ च्या वसंत ऋतूंत हा ताफा अमेरिकेंत परत आणून पॅसिफिक महासागराकडे पाठविण्याची तयारी चालली असतांना युद्धच संपलें. बोटीच्या दृष्टीनें ही मोठीच दैवयोगाची गोष्ट झाली. पॅसिफिककडे गेलेल्या तिच्या भगिनींचा शेवट कसा झाला तें पाहिलें म्हणजे हें ध्यानांत येईल. फिलिपाइन्समधील सामार बेटाच्या किनाऱ्यावर अशा शंभराहून अधिक बोटी एकत्र आणून त्यांवरचें उपयोगी सामान काढून घेण्यांत आलें आणि सांगाडे जाळून टाकण्यांत आले. मायदेशीं नेण्याचा खर्च बोटीच्या मोलापेक्षां जास्त, आणि तेथेंच सोडून द्याव्या तर त्या कोणाच्या हातीं जातील याचा भरंवसा नाहीं. हिशेब चोख होता. पण ज्यांनीं त्या बोटींवर रात्रीं काढल्या होत्या त्यांना ती होळी पाहवली नसेल.

३०५ मायदेशीं होती म्हणून ती १९४८ सालीं विकली गेली. कांहीं काळ न्यूयॉर्क बंदरांत तिनें प्रवाशांना शहराचा देखावा दाखविला. नंतर ती दक्षिणेकडे मेरिलँड प्रांतांत, चेसापीक उपसागराच्या कांठीं क्रिसफील्ड या गांवीं गेली आणि कालवांच्या धंद्याला लागली. कोंकणच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेलीं कालवें कोयत्यानें फोडून काढतात. चेसापीकमध्यें त्यांचा व्यापार मोठ्या प्रमाणावर चालतो आणि त्याला रुंद, उथळ, सपाट पाठीची बोट फार सोयीची पडते. पाणतिरांच्या जागीं कालवांचे ढीग आले. तोफा, बुरूज, पाणतीर सोडण्याचीं यंत्रें हीं सारीं केव्हांच उतरविलीं होतीं.

मग आली ती खरी शस्त्रक्रिया. अमेरिकेच्या किनारा-रक्षक दलाच्या नियमानें ६५ फुटांहून लांब बोट चालवावयाची तर परवानाधारक कप्तान ठेवणें भाग होतें. परवानाधारक कप्तान म्हणजे वाढीव पगार, आणि कालवांच्या धंद्यांत एवढी मिळकत कोठली? ७८ मधून ६५ वजा केले तर १३ उरतात. बोटीच्या मागच्या टोकाचे १३ फूट करवतीनें कापून टाकण्यांत आले, उघड्या पडलेल्या जागीं नवी भिंत ठोकण्यांत आली, आणि लढाईंत शत्रूला जें साधलें नव्हतें तें एका कलमानें साधलें.

पुराणवस्तूंच्या प्रेमी मंडळींना ही हकीकत सांगितली तर ते हळहळतात. हळहळणें स्वाभाविक आहे. पण थोडा विचार केला तर त्या करवतीचे आभारच मानावे लागतील. ज्या बोटी जशाच्या तशा, पूर्ण लांबीच्या, अभिमानानें कोठें तरी बांधून ठेवल्या होत्या, त्या बहुतेक कुजून गेल्या. कारण लढाऊ बोट पोसणें हें कोणाच्याही खिशाला परवडणारें नव्हतें. ३०५ रोज कामावर जात होती. कामावर जाणाऱ्या बोटींतलें पाणी रोज उपसलें जातें, तिची गळती त्याच दिवशीं बुजविली जाते, वर्षा-दोन वर्षांनीं ती बाहेर ओढून तिचा तळ खरवडून रंगविला जातो. मालक हें सारें करतो तें इतिहासाच्या प्रेमानें नव्हे, बुडाली तर उद्यां कालवें कशांतून आणावयाचीं या भीतीनें. विटंबना म्हणून जिच्याकडे पाहिलें जातें त्या मजुरीनेंच ही बोट तगली.

मजुरी संपली तेव्हां मात्र तिचीही दशा इतरांसारखीच होऊं लागली. २००१ सालीं टेक्सास प्रांतांतील गॅल्व्हेस्टन येथील एका नाविक संग्रहालयानें ती जतन करण्याच्या हेतूनें घेतली; २००७ सालीं ती न्यू ऑर्लिन्सच्या दुसऱ्या महायुद्धाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आली. हें संग्रहालय त्या शहरांत असण्याचें कारणच मुळीं हिगिन्सच्या बोटी. स्टीफन अँब्रोझ या इतिहासकाराच्या पुढाकारानें २००० सालीं तें उघडलें. म्हणजे बोट अक्षरशः माहेरीं आली. आणि तें माहेरही त्या वेळीं सांवरलेलें नव्हतें. २००५ च्या ऑगस्टमध्यें कॅटरिना वादळानें बंधारे फोडून न्यू ऑर्लिन्सचा मोठा भाग पाण्याखालीं घातला होता. दोन वर्षांनीं बोट तेथें पोंचली तेव्हां गल्लोगल्लीं लोक आपापल्या घरांतील ओल धरलेल्या भिंती आणि तक्तपोशी उखडून काढीत होते. कुजलेलें लांकूड कसें दिसतें, कसा वास येतो आणि आंतून कसें पोखरलेलें असतें, हें त्या वेळीं त्या शहराला कोणी शिकवावयास नको होतें.

जुन्या लांकडी बोटीची दुरुस्ती म्हणजे वाईट फळ्या काढून चांगल्या बसविणें, अशी सामान्य समजूत आहे. प्रत्यक्षांत पहिलें काम आकार सांभाळण्याचें असतें. तरंगत्या बोटीला पाणी सर्व अंगांनीं आधार देतें. तीच बोट जमिनीवर आणून चार ठोकळ्यांवर ठेवली कीं, तिचीं दोन्हीं टोकें स्वतःच्या भारानें खालीं ओढलीं जातात, मधला भाग वर राहतो आणि तळाच्या कण्याला कुबड येतें. अनेक वर्षें अशी पडून राहिलेली बोट त्या वांकलेल्या आकारांतच घट्ट होऊन बसते. अशा स्थितींत घाईघाईनें फळ्या उखडल्या, तर जो काय आकार शिल्लक असतो तोही नाहींसा होतो, आणि नवें काम जुन्या कुबडावरच पक्कें होतें. म्हणून प्रथम पाळण्यासारखा भक्कम आधार. मग दोरी लावून, मापें घेऊन मूळ आराखड्याशीं ताडा. मग सांधे थोडे सैल करून, खालून रोज केसभर उचलीत, बोटीला पूर्वस्थितीवर येण्यास वेळ द्यावयाचा. यांत धसमुसळेपणा उपयोगाचा नाहीं. मोडलेला हात बसविणारा हाडवैद्य जसा चांचपून चांचपून काम करतो, तशांतलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट कुजीची. लांकूड समुद्राच्या पाण्यानें कुजतें असें पुष्कळांना वाटतें, तसें नाहीं. खाऱ्या पाण्यांत सदैव बुडालेला भाग बरीच वर्षें टिकतो. घात करतें तें पावसाचें गोडें पाणी. वरच्या तक्तपोशीच्या एखाद्या फटींतून तें आंत झिरपतें, जेथें वारा लागत नाहीं अशा कोंपऱ्यांत साठतें, आणि तेथें बुरशी लांकूड खाऊं लागते. बाहेरून रंग तुळतुळीत असतो. हातोडीनें ठोकल्यावर मात्र खणखणीत आवाजाऐवजीं बद्द आवाज येतो, आणि टोंचा दाबला तर तो लोण्यांत शिरावा तसा आंत जातो. जाणता कारागीर बोट प्रथम कानांनीं तपासतो ती यासाठीं.

या दोन-थरी बांधणींत तर कूज शोधणें फारच कठीण. दोन्हीं थरांच्या मध्यें जें कापड, तें बोट नवी असतांना पाणी अडवितें. म्हातारपणीं तेंच आंत शिरलेली ओल धरून ठेवतें. आंतल्या थरांतील एक फळी बदलावयाची तर तिच्यावरून तिरप्या गेलेल्या बाहेरच्या अनेक फळ्या आधीं उतरविल्या पाहिजेत. प्रत्येक फळीला ओळीनें खिळे आणि स्क्रू. समुद्राच्या पाण्यांत साध्या पितळेंतलें जस्त विरून जातें आणि उरलेला धातु बिस्किटासारखा ठिसूळ होतो. त्यामुळें जो स्क्रू काढावयाचा तो निम्म्यांत तुटतो, आणि तुटलेला तुकडा लांकडांतून कोरून काढावा लागतो. एका फळीची गोष्ट अशी दिवस-दिवस चालते. बाहेरून पाहणाऱ्याला आठवड्यानंतरही कांहीं झालेलें दिसत नाहीं.

हें काम पगारी कारागिरांकडून करवून घेण्याइतका पैसा जगांतील फार थोड्या संग्रहालयांपाशीं असेल. न्यू ऑर्लिन्समध्यें तें मुख्यतः स्वयंसेवकांनीं केलें. २०० हून अधिक माणसें, एक लाखाहून अधिक तास, आणि जवळजवळ दहा वर्षें. हिगिन्सच्या कारखान्यांत हीच बोट कांहीं महिन्यांत बांधून निघाली होती. पण तेथें सांचे होते, शेजारीं तशाच बोटींची रांग होती, आणि हातांना एकच काम रोज करण्याची संवय झालेली होती. येथें प्रत्येक जोडकाम पहिल्यानेंच होत होतें. शिवाय काम संग्रहालयाच्या आवारांत, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत चाललें होतें. चुकली फळीही लोकांसमोर काढावी लागे.

कापून टाकलेले १३ फूट तर संपूर्ण नवेच बांधावे लागले. तेथें दुरुस्ती करण्याजोगें कांहीं उरलेंच नव्हतें. पण नवें टोक जुन्या अंगाला नुसतें चिकटवून भागत नाहीं. कणा, लांबीनें धांवणाऱ्या तुळया, दोन्हीं थरांच्या तिरप्या फळ्या, या सर्वांची जुन्यांत नव्यानें गुंफण व्हावी लागते, आणि प्रत्येक सांधा शेजारच्या सांध्यापासून दूर ठेवावा लागतो. नाहीं तर जेथें एकदां करवत चालली होती तेथेंच लाटांच्या माऱ्यांत बोट पुनः दुभंगावयाची. वेगानें धांवणारी बोट लाटेवरून लाटेवर आपटत जाते. तिच्या अंगांत एक रेघभर कमजोरी असली तरी समुद्र ती शोधून काढतो.

येथें एक जुना तात्त्विक प्रश्न डोकें वर काढतो. अथेन्सच्या लोकांनीं थेसियस राजाचें जहाज जपून ठेवलें आणि कुजलेली एक एक फळी बदलतां बदलतां सगळेंच जहाज नवें झालें. मग तें थेसियसचें म्हणावें कीं नाहीं, असा वाद प्लूटार्कनें नमूद केला आहे. सुतारकामाच्या शाळेंत हा प्रश्न फारसा अवघड वाटत नाहीं. जोंपर्यंत नवी फळी जुन्या फळीच्या जागेवर, जुन्या फळीच्या आकारानें आणि जुन्याच कामासाठीं बसते, तोंपर्यंत जहाज तेंच. अवघड प्रश्न निराळा आहे, आणि तो इंजिनांपाशीं आला.

मूळचीं इंजिनें पॅकार्ड कंपनीचीं, बारा सिलिंडरांचीं, पेट्रोलवर चालणारीं. एकेक १,२०० ते १,५०० अश्वशक्तीचें. पूर्ण वेगांत तिन्हीं मिळून ताशीं सुमारें ५०० गॅलन पेट्रोल पिऊन टाकीत, आणि बोटीच्या पोटांत ३,००० गॅलनांच्या टांक्या असत. तेंही विमानांत वापरावयाचें अति ज्वालाग्राही पेट्रोल. लढाईंत विशींतले खलाशी त्या टांक्यांवर झोंपत. पण ज्या बोटींत सुट्टीच्या दिवशीं सहकुटुंब आलेल्या मंडळींना बसवावयाचें, तिच्यांत तें चालावयाचें नाहीं. ३०५ मध्यें तीन डिझेल इंजिनें बसविण्यांत आलीं. त्याच देशांत ऑरेगन प्रांतांतील पोर्टलंड शहरीं पी. टी. ६५८ या हिगिन्सच्याच दुसऱ्या बोटीचा जीर्णोद्धार झालेला आहे. ती १९४५ ची. लढाई तिनें पाहिलीच नाहीं. पण तिच्या पोटांत पॅकार्ड इंजिनें आहेत आणि तीं चालतात. एकीजवळ इतिहास आहे, दुसरीजवळ आवाज. जुन्या खलाशांना यांतलें कोणतें अधिक जवळचें वाटेल? पॅकार्ड इंजिनाच्या गर्जनेवरून जे रात्रींच्या अंधारांत आपली बोट ओळखीत, त्यांना डिझेलचा एकसुरी घरघराट परका वाटला असल्यास नवल नाहीं. तरीही न्यू ऑर्लिन्सच्या मंडळींचा निर्णय बरोबर होता असेंच म्हणावें लागतें. इंजिन मूळचें ठेवून बोट कायमची ठोकळ्यांवर ठेवावयाची, कीं इंजिन बदलून ती पाण्यांत न्यावयाची, असा सवाल असतां बोट पाण्यांत नेणेंच बरें. या बोटीचें सारें आयुष्यच त्याची साक्ष देतें.

इंग्लंडांतील एका बोटीचा दाखला येथें देण्याजोगा आहे. एम. टी. बी. १०२ ही १९३७ सालीं पोर्टस्मथ येथें व्हॉस्पर कारखान्यानें बांधलेली पाणतिरांची बोट. १९४० सालीं डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैन्य काढून नेतांना तिनें अनेक खेपा केल्या. युद्धानंतर ती विकली गेली आणि कोणा खासगी मालकाची सहलीची बोट झाली. १९७३ च्या सुमारास ती नॉरफोक परगण्यांतील बालवीरांच्या एका समुद्री पथकाकडे आली. पथकापाशीं उत्साह होता, पैसा नव्हता. तो आला चित्रपटांतून: १९७६ च्या ‘द ईगल हॅज लँडेड’ या चित्रपटासाठीं युद्धकालीन बोट हवी होती, आणि त्या निमित्तानें तिला पुनः लढाऊ रूप मिळालें. चित्रपटवाल्यांना इतिहासाची चाड होती असें नव्हे. त्यांना चित्र हवें होतें. पण मुलांना बोट मिळाली, आणि ती वापरांत राहिली.

आतां एका गोष्टीबद्दल मात्र थोडी तक्रार करण्यास जागा आहे. ३०५ चा जीर्णोद्धार करतांना ती १९४४ सालच्या रूपांत आणण्याचें ठरलें. लढाऊ करडा रंग, पाणतीर, बंदुका, सारें त्या वर्षाचें. अर्थात् शस्त्रें आतां केवळ दाखविण्यापुरतीं. युद्धाच्या संग्रहालयाला दुसरा मार्गही नव्हता. पण युद्धांत ही बोट जेमतेम दीड वर्ष होती, आणि सहलीच्या व कालवांच्या धंद्यांत त्याच्या कित्येक पट. ज्या गलबल्यांत, चिखलांत आणि शिंपल्यांच्या वासांत तिनें आपला जीव वांचविला त्या आयुष्याची तिच्या अंगावर आतां खूण नाहीं. तुटलेल्या कडेवर ठोकलेली ती वेडीवांकडी भिंत सुतारकाम म्हणून कवडीमोलाची असेल. तरी तिचा एक हातभर तुकडा पाणतिराच्या शेजारीं ठेवला, तर पाहणाऱ्याला पाणतिरापेक्षां अधिक कांहीं सांगून जाईल. क्रिसफील्डच्या ज्या कामकऱ्यांनीं थंडीच्या पहाटे ती बोट बाहेर काढली, त्यांना आपण राष्ट्रीय ठेवा सांभाळीत आहों याची कल्पनाही नव्हती. त्यांची नांवें कोणत्याही पाटीवर येणार नाहींत.

२०१६ च्या नोव्हेंबरमध्यें बोट पॉन्चरट्रेन सरोवराच्या पाण्यांत उतरली. हिगिन्स आपल्या बोटींची परीक्षा याच सरोवरांत घेत असे. मोठ्या लांकडी बोटीला पाण्यांत सोडतांना तिच्या मागें दहा वर्षें राबणारांच्या पोटांत गोळा येतो. कोरडें लांकूड पाणी पिऊन फुगतें आणि सांधे आपोआप घट्ट होतात, असें शास्त्र सांगतें. पण पहिल्या दिवशीं तळाशीं वाकून पाहणाऱ्याचा शास्त्रावर पुरता विश्वास बसत नाहीं. पुढील वसंतांत, जाहीर सफरी सुरू होण्यापूर्वीं, युद्धकाळीं या बोटीवर काम केलेल्या आणि अद्याप हयात असलेल्या थोड्या खलाशांना तिच्यावर नेण्यांत आलें. ते नव्वदीच्या घरांत होते. १९४४ सालीं ज्या जिन्यानें ते धांवत वर येत, त्याच जिन्यानें आतां त्यांना हात धरून चढवावें लागलें.

एप्रिल २०१७ मध्यें सामान्य लोकांसाठीं सफरी सुरू झाल्या. त्यापूर्वीं एक सोपस्कार पार पाडणें आवश्यक होतें. पैसे देऊन बसणारे उतारू न्यावयाचे म्हणजे किनारा-रक्षक दलाची तपासणी आणि दाखला लागतो. आग विझविण्याचीं साधनें, गळती उपसण्याचे पंप, कप्तानाचा परवाना, सारें कांहीं नियमांत बसवून दाखवावें लागतें. ज्या दलाच्या नियमांतून निसटण्यासाठीं या बोटीचे १३ फूट कापण्यांत आले होते, त्याच दलाच्या अधिकाऱ्यांपुढें ती आपल्या पुऱ्या ७८ फुटांनिशीं उभी राहिली, आणि तिला दाखला मिळाला.